पडद्यावरची नक्षी कुणाची?

पूर्वी आपल्याकडे पडदा म्हणजे जुन्या साडीचे दोन तुकडे आणि त्यात ओवलेली स्प्रिंग. फार हौस असली तर दिवाळीच्या आधी बाजारात जायचं, दुकानदार ताके उलगडून दाखवायचा, त्यातला बरा दिसेल तो घ्यायचा. गल्लीतल्या चार घरांना एकच पडदा असला तरी कुणाला काही वाटायचं नाही. आता तसं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा घर बांधणारी मुलं-सुना म्हणतात, ‘आमच्या हॉलचा पडदा दुसऱ्या कुणाकडे नको.’ मग इंटिरिअर डिझायनर येते, भिंतीचा रंग बघते आणि पडदे, पलंगपोस, सोफ्याचं कापड, उशांचे अभ्रे खास त्या घरासाठी छापून घेते. हॉटेलवाले, रिसॉर्टवाले, होम-स्टेवाले तर हे सर्रास करतात.

मला यात काही वावगं वाटत नाही. उलट आनंदच वाटतो. आपलं घर आपल्यासारखं दिसावं ही इच्छा काय फक्त मुंबई-पुण्याच्या बायकांनीच धरायची? पण बचत गटांबरोबर काम करताना एक प्रश्न मला सारखा टोचतो. खास आपल्यासाठी म्हणून जी नक्षी छापली जाते, ती असते कुणाची? आणि तिचे पैसे कुणाकुणाच्या हातात जातात?

मैत्रिणींनो, असं कापड एकट्यादुकट्याचं काम नसतं. कुणीतरी कागदावर मूळ आकृती काढते. डिझायनर तिचा ‘रिपीट’ बसवते. म्हणजे तीच आकृती कापडावर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे पुन्हा पुन्हा येताना जोड दिसू नये अशी ती मांडते. हे वाटतं तेवढं सोपं नाही. कासव काढता येणं वेगळं आणि तेच कासव दहा मीटर कापडावर डोळ्याला न खुपता चालत राहणं वेगळं. मग येतो छपाईवाला. ठशांनी छापायचं तर आधी कोरणारा कारागीर लाकडात ठसे कोरतो. राजस्थानात बाह्यरेषेच्या ठशाला ‘रेख’, आत रंग भरणाऱ्या ठशाला ‘दत्ता’ आणि मागची जमीन भरणाऱ्या ठशाला ‘गद’ म्हणतात. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो आणि तो नेमक्या जागी पडावा लागतो. स्क्रीन छपाईतही रंगागणिक वेगळी स्क्रीन करावी लागते. त्यामुळे थोडक्या कापडासाठी ती परवडत नाही. डिजिटल छपाईला मात्र ना ठसा लागतो, ना स्क्रीन. संगणकावरचं चित्र सरळ कापडावर उतरतं, मग पाच मीटर हवं असो की पाचशे. खास छापून घेण्याची हौस लहान गावापर्यंत पोचली ती यामुळेच. आणि नक्षी उचलणं सोपं झालं तेही यामुळेच. मोबाइलवर एक फोटो काढला की काम झालं.

या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक हात असतो, तो कुणी मोजत नाही. तो घरातल्या बाईचा. पश्चिमेच्या खिडकीला गडद निळा पडदा लावला तर दोन उन्हाळ्यांत तो विटणार, हे तिला कळतं. स्वयंपाकघराच्या दाराला पांढऱ्या जमिनीचं कापड नको, हळदीचा हात लागणार, हेही तीच सांगते. नक्षी फार मोठी असेल तर पन्ह्याला पन्हा जोडताना ती जुळवायला कापड वाया जातं, हे शिवणारी बाई आधी ओळखते. पडद्याला चुण्या पडल्या की हत्तीचं नुसतं शेपूट दिसणार, हे कागदावर बघून कळत नाही, घरात वावरणाऱ्या बाईला विचारलं तर कळतं. चांगली डिझायनर हे सगळं विचारून घेते. म्हणून मी म्हणते, नक्षी हे चार-पाच जणींनी आणि जणांनी मिळून केलेलं काम आहे. पण पाटी एकाचीच लागते आणि बिलही एकाच्याच नावाने फाटतं.

ही रीत आजची नाही. आपण ज्याला चीट म्हणतो, त्या छापील, रंगीत सुती कापडाने सतराव्या शतकात युरोपला वेड लावलं होतं. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या छींट-चीटवरूनच गेला. मच्छलीपट्टणमच्या बाजूला कोरोमंडल किनाऱ्यावर कारागीर हे कापड रंगवायचे आणि तिकडे श्रीमंतांच्या पलंगांना, भिंतींना, खिडक्यांना ते लागायचं. तेव्हाही गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणेच मागायचं. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेला कळवलं होतं, की रजयांची जमीन लाल नको, पांढरी जास्त ठेवा आणि फुलं-फांद्या मध्ये रंगीत येऊ द्या. म्हणजे ‘कस्टम प्रिंट’च म्हणा ना! या कापडाचा तिकडच्या विणकरांनी इतका धसका घेतला, की फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यावर बंदी घातली. इंग्लंडनेही १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायला आणि घरात वापरायला मनाई केली. राज्यांना कायदे करायला लावणारं हे कापड आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड आहे. पण ते रंगवणाऱ्यांपैकी जवळपास कुणाचंच नाव त्या पाटीवर नाही.

याच्या उलट एक गोष्ट सांगते. ती आपल्यासारख्याच लहान गावातली आहे, म्हणून मला जवळची वाटते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात लीक नावाचं रेशीम गिरण्यांचं गाव आहे. तिथे टॉमस वॉर्डल यांचा रंगाचा कारखाना होता. घरातलं कापड आणि भिंतीचे कागद यांच्या नक्षीसाठी आजही ज्यांचं नाव घेतलं जातं ते विल्यम मॉरिस १८७५ ते १८७७ च्या दरम्यान वॉर्डल यांच्याकडे वारंवार जात. बाजारातले नवे रासायनिक रंग मॉरिसना पसंत नव्हते. त्यांना नीळ, मंजिष्ठासारखे जुने रंग हवे होते. नुसती चित्रं पाठवून ते थांबले नाहीत. स्वतः रंगाच्या पिपात हात घातले, निळ्या हातांनी वावरले. रंग मनासारखा उतरला नाही की वॉर्डलना तक्रारीची पत्रं लिहिली. दोघांच्या कुरबुरी चालायच्या, पण कामही व्हायचं. आकृती एकाची, रंगाचं ज्ञान दुसऱ्याचं. पुढे १८८१ मध्ये मॉरिसनी लंडनजवळ मर्टन ॲबे इथे स्वतःची छपाई सुरू केली आणि १८८३ मध्ये त्यांची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या चोरणाऱ्या पक्ष्यांची प्रसिद्ध नक्षी आली. निळीतलं ते काम करण्यामागे लीकमधलं शिक्षण होतं. आणि हो, ही नक्षी मॉरिसनी त्याच वर्षी रीतसर नोंदवून घेतली होती. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

पण मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात टॉमस वॉर्डल यांच्या पत्नी एलिझाबेथ. १८७९ च्या सुमारास त्यांनी गावातल्या बायका जमवून भरतकामाचं मंडळ काढलं. नवऱ्याच्या कारखान्यात छापलेल्या टसर रेशमावर त्या बायका भरत. हे टसर आपल्याच देशातलं. १८८५-८६ मध्ये या मंडळाने एक मोठं काम अंगावर घेतलं. फ्रान्समधल्या बायोच्या जगप्रसिद्ध भरतचित्राची पूर्ण लांबीची, साधारण ७० मीटरची नक्कल त्यांनी केली. तीसहून अधिक बायकांनी भाग वाटून घेतले. लोकर वॉर्डल यांनी नैसर्गिक रंगांत रंगवून दिली. आज ती नक्कल रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपलं नाव टाक्यांनी भरून ठेवलं आहे. मूळ भरतचित्र कुणी भरलं त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. नक्कल करणाऱ्या लीकच्या बायकांची मात्र माहीत आहेत. कारण त्यांनी ती लिहून ठेवली.

आता आपल्याकडे या. वारली चित्रं आज कुठे नाहीत? पडद्यावर, अभ्र्यांवर, चादरीवर, हॉटेलच्या टेबलक्लॉथवर. ही चित्रं मुळात घराच्या आतलीच. पालघर-डहाणूकडच्या आदिवासी घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढत, मधे पालघट देवी. म्हणजे हे मूळ ‘इंटिरिअर’ बायकांच्या हातचं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन मिळालं म्हणून बाजारातल्या प्रत्येक छापील मीटरमागे कुणा वारली बाईच्या हातावर आपोआप पैसे पडत नाहीत. तो तारपा नाच संगणकात एकदा गेला, की कुठल्याही शहरात, कुठल्याही यंत्रावर छापता येतो. घेणाऱ्यालाही वाटतं, आपण किती पारंपरिक वस्तू घेतली!

माझ्या ओळखीच्या एका गटाचा अनुभव सांगते. तालुक्याच्या गावातल्या या बायका ठशांनी छपाई करायला शिकल्या. शहरातल्या एका डिझायनर मॅडम एका रिसॉर्टच्या खोल्यांसाठी काहीतरी ‘आपल्या मातीतलं’ शोधत होत्या. गटातल्या काकूंनी त्यांना चैत्रांगण काढून दाखवलं. गोपद्म, शंख, कासव, तुळशीवृंदावन, गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र. मॅडम हरखल्या. तीन-चार बैठका झाल्या. पाळण्याच्या दोऱ्यांची वेल करायची कल्पना काकूंची, रंग कमी करून दोनच ठेवायचे हे मॅडमचं म्हणणं. खरंच सुंदर नक्षी झाली. नमुन्याचं कापड छापून दिलं, त्याची मजुरी मिळाली. पुढची मोठी ऑर्डर मात्र आलीच नाही. वर्षभराने गटातल्या एकीला जिल्ह्याच्या प्रदर्शनात तोच पाळणा, तीच वेल पलंगपोसावर दिसली. यंत्रावर छापलेली, पाकिटावर दुसऱ्याच कंपनीचं नाव. विचारलं तर उत्तर आलं, ‘तुम्हाला नमुन्याचे पैसे दिले होते ना? आणि चैत्रांगण काय तुमच्या एकट्यांचं आहे का?’

या उत्तराचा दुसरा भाग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. शंख, कासव, गोपद्म कुणा एकीच्या मालकीचे नाहीत आणि नसावेतच. पण ते कसे मांडले, कशाची वेल केली, कुठे जागा मोकळी सोडली, ती रचना नवी असेल तर तिला कायद्यात संरक्षण मिळू शकतं. आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नवी नक्षी नोंदवली तर दहा वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर आणखी पाच वर्षं ती दुसऱ्याला वापरता येत नाही. अट अशी, की अर्ज नक्षी लोकांसमोर येण्याआधी करायचा. प्रदर्शनात मांडून, फोटो सगळीकडे पाठवून मग अर्ज केला तर ती ‘नवी’ राहत नाही. कॉपीराइट आहे की, असं काही जणी म्हणतील. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं, की नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा वस्तूंवर उतरवली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास हा आकडा पडद्यांच्या धंद्यात किती लवकर ओलांडला जातो!

आणखी एक कलम तर प्रत्येक गटाने वहीत लिहून ठेवावं असं आहे. डिझाइन कायद्यानुसार, मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी नक्षी तयार केली, तर तिचा मालक करणारी नव्हे, ज्याच्यासाठी केली तो. म्हणजे हातात पडलेली मजुरी कशाची आहे, नुसत्या छपाईची की नक्षीचीही, हे कागदावर स्पष्ट नसेल तर भांडायला जागाच कमी उरते. मॉरिससारख्या माणसालाही आपली नक्षी नोंदवावीशी वाटली, मग आपल्या काकूंनी भिडेखातर गप्प का बसायचं?

डिझायनरची बाजूही ऐकली पाहिजे. ती म्हणते, गिऱ्हाईक मी आणते, रंगसंगती मी जुळवते, कापड नापसंत पडलं तर तोटा माझा. गटाची नक्षी गावातच राहिली असती तर किती विकली गेली असती? हे खरं आहे. चांगल्या डिझायनरशिवाय आपलं काम ‘प्रदर्शनातली वस्तू’ होऊन पडून राहतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून मी ‘नक्षी देऊ नका’ असं मुळीच म्हणत नाही. द्या, पण वाटा ठरवून द्या. आणि डिझायनर म्हणजे नेहमी बाहेरून येणारीच का असावी? कच्छमध्ये २००५ साली कला रक्षा विद्यालय सुरू झालं ते याच विचाराने. परंपरेने छापणाऱ्या, विणणाऱ्या, भरणाऱ्या कारागिरांनाच तिथे डिझाइन शिकवलं गेलं, बायकांनाही. २०१४ पासून सोमैया कला विद्या हेच काम करते आहे. असा कारागीर शहरातल्या डिझायनरसमोर बसतो तो हुकूम घ्यायला नाही, बोलणी करायला. आपल्या सरकारनेही १९५० च्या दशकात विणकर सेवा केंद्रं काढली, तेव्हा चित्रकारांना कारागिरांच्या शेजारी बसवलं होतं. आपले प्रभाकर बरवे १९६० च्या दशकात अशाच केंद्रात काम करत होते. एकत्र बसायची वाट नवी नाही. त्या बैठकीत बाईने आपला हिशेबही मांडायचा, एवढंच नवं आहे.

तेव्हा करायचं काय? गटाने एक नक्षी-वही ठेवावी. जी आकृती काढली तिच्याखाली काढणारीचं नाव आणि तारीख, दोघींच्या साक्षीने. बाहेरच्यांना दाखवण्याआधी हे व्हायला हवं. डिझायनरशी बोलणी झाली की साध्या मराठीत एक कागद करावा. नक्षी कोणाकोणाची, छपाईची मजुरी किती, नक्षीचे पैसे वेगळे किती, दुसऱ्या वस्तूवर किंवा दुसऱ्या यंत्रावर छापली तर दर मीटरला गटाला काय मिळणार, आणि पाकिटावर गटाचं नाव येणार की नाही. वकिलाला दाखवता आला तर उत्तम, पण दाखवता आला नाही तरी सह्या केलेला साधा कागद तोंडी भरवशापेक्षा बरा. नमुना फुकट देऊ नये आणि ‘नमुना मंजूर नसेल तर नक्षी वापरता येणार नाही’ ही ओळ विसरू नये. नोंदणी करण्यासारखी नक्षी असेल तर दोन-तीन गटांनी मिळून खर्च वाटून घ्यावा.

आणि ज्या मैत्रिणी स्वतःच्या घरासाठी कापड छापून घेणार आहेत त्यांनाही सांगणं आहे. डिझायनरला पडद्याचा भाव विचारता, तसं हेही विचारा, की ही आकृती काढली कुणी, छापली कुठे, त्यांना काय मिळालं? तिला राग येणार नाही. चांगली असेल तर ती उत्साहाने सांगेल. सांगायला टाळाटाळ झाली तर काय ते आपण समजून घ्यावं. गावात छापणारा गट असेल तर एखादी खिडकी तरी त्यांना द्या. तुमच्या आजीच्या रांगोळीच्या वहीतला एखादा ठिपक्यांचा नमुना घेऊन जा आणि त्यांच्याबरोबर बसून ठरवा. पडदा थोडा महाग पडेल. पण त्या जास्तीच्या पैशातून एखादीच्या मुलीची फी भरली जाते, हे मी डोळ्यांनी बघते आहे.

त्या गटाकडे आता पुन्हा एका डिझायनरची विचारणा आली आहे. या वेळी काकूंनी आधी वही पुढे ठेवली, मग कागद, आणि मग चहा. बोलणी अजून चालू आहेत. दर मीटरच्या आकड्यावर घोडं अडलंय. अडू दे. एवढी वर्षं त्या आकड्याचं कुणी नावच काढलं नव्हतं.